ठिपका, जाळं आणि भोपळा

कापडाच्या छपाईत एक शब्द दिवसातून पन्नास वेळा कानावर पडतो : 'रिपीट'. इचलकरंजीतल्या एका प्रोसेस हाउसच्या डिझाइन खात्यात मी सव्वीस वर्षं काढली, आणि त्यातली बहुतेक या एका शब्दाची चाकरी करण्यात गेली. रोटरी मशीनची गोल स्क्रीन एकदा पूर्ण फिरली की साधारण ६४ सेंटिमीटर कापड छापून होतं. पुढच्या फेऱ्यात तेच चित्र पुन्हा. त्यामुळे चित्राचा वरचा काठ आणि खालचा काठ असे जुळावे लागतात, की जोड कुठं आहे ते गिऱ्हाइकाला कळता कामा नये. जोडावर एखादी पाकळी आणून ठेवायची, पानाचं टोक वळवायचं, बुट्टी थोडी सरकवायची आणि डोळ्याला फसवायचं, हे आमचं काम. जोड दिसला की माल सेकंडमध्ये गेला.

यायोई कुसामा हे नाव माझ्यापर्यंत आलं ते याच वाटेनं, कलेच्या वाटेनं नव्हे. २०१२ साली एका व्यापाऱ्यानं फोटो आणून दाखवला. परदेशातल्या दुकानाची काच, आत लाल केसांच्या एका बाईचा मेणाचा पुतळा, आणि तिच्या भोवती सगळीकडे ठिपके. "सध्या हे चाललंय, असं करून द्या," एवढंच त्याचं म्हणणं. लुई व्हितॉन या कंपनीनं त्या वर्षी कुसामांचे ठिपके पिशव्यांवर आणि कपड्यांवर आणले होते, हे मला पुढं समजलं. तेव्हा वाटलं, ठिपके म्हणजे काय, अर्ध्या दिवसाचं काम. प्रत्यक्षात चार दिवस गेले. नमुना छापून लांबून पाहिला की ठिपक्यांच्या आडव्या ओळी पडायच्या. मूळ फोटोत त्या पडत नव्हत्या. का पडत नव्हत्या, या प्रश्नामागं लागून मी त्या बाईंची पुस्तकं मिळवत गेलो. कला महाविद्यालयाची पायरी मी चढलेलो नाही. इंग्रजीही शब्दकोश शेजारी ठेवूनच वाचतो. तेव्हा पुढं जे लिहितो आहे ते एका छपाईवाल्याच्या डोळ्यानं पाहिलेलं आहे, हे वाचकांनी धरून चालावं.

कुसामांचा जन्म २२ मार्च १९२९चा, जपानच्या नागानो भागातल्या मात्सुमोतो गावचा. घरचा धंदा रोपवाटिकेचा आणि बियाण्यांचा. सारख्या अंतरावर लावलेली सारखी रोपं, वाफ्यामागून वाफे आणि सारख्या बियांचे ढीग या पोरीनं चालायला लागल्यापासून पाहिले असणार. तिच्यावर लिहिणारे या गोष्टीवरून घाईनं पुढं जातात, कारण त्यांना त्यापुढची गोष्ट सांगायची असते. ती गोष्ट आता जगाला पाठ झाली आहे. लाल फुलांचा टेबलक्लॉथ पाहून मुलीनं नजर वर केली, तर तीच फुलं छतावर, खिडक्यांवर आणि स्वतःच्या अंगावर. आपण पुसले जातोय या भीतीनं ती जिन्याकडे धावली, तर पायऱ्याही खचायला लागल्या, आणि पडून तिचा पाय मुरगळला. हे कुसामांनीच सांगितलेलं आहे. आईला मुलीचं चित्र काढणं मंजूर नव्हतं. ती कागद हिसकावून घ्यायची, वर बाहेरख्याली नवऱ्यावर पाळत ठेवायला याच मुलीला पाठवायची. १९३९ सालचं, म्हणजे दहाव्या वर्षीचं पेन्सिलीचं एक चित्र शिल्लक आहे. किमोनोतली डोळे मिटलेली बाई, आणि तिच्या चेहऱ्यावर, कपड्यांवर, मागच्या मोकळ्या जागेत ठिपके. ती बाई म्हणजे आई, असं बहुतेक जाणकार मानतात.

एवढं वाचल्यावर मन एका सोप्या उत्तरावर जाऊन बसतं : बाई आजारी, म्हणून ठिपके. त्यात १९७७ पासून त्या स्वतःच्या इच्छेनं टोकियोतल्या एका मनोरुग्णालयात राहतात आणि जवळच्या स्टुडिओत जाऊन काम करतात, ही माहिती मिळाली की प्रकरण मिटलं. मीही काही वर्षं हेच उत्तर धरून होतो. त्यातून बाहेर आलो तो चित्रांमुळे.

२०१७ साली भाचीकडे सिंगापूरला गेलो होतो. तिथल्या नॅशनल गॅलरीत कुसामांचं मोठं प्रदर्शन चालू होतं. गर्दी सगळी आरशांच्या खोल्यांपुढं आणि भोपळ्यांपुढं होती. जाळ्यांच्या चित्रांपुढं फारसं कुणी थांबत नव्हतं, म्हणून मला निवांत उभं राहता आलं. 'इन्फिनिटी नेट्स' या नावानं ती ओळखली जातात. मी सवयीप्रमाणे जोड शोधू लागलो. डावीकडून उजवीकडे, वरून खाली. पहारेकरी मुलीनं दोनदा हातानं खुणावून मला मागं सरकवलं. जोड सापडला नाही, कारण तिथं रिपीटच नव्हतं.

हे कसं, ते जरा नीट सांगायला हवं. जाळ्याचं चित्र करताना कुसामा ठिपके काढत नाहीत. आधी कॅनव्हासला रंगाचं अस्तर. ते वाळलं की त्यावर दुसऱ्या रंगानं मनगटाच्या वळणाची लहानशी कमान, तिला लागून दुसरी, मग तिसरी. कमानी एकमेकींना भिडत जातात आणि मध्ये अस्तराचा जो एवढासा तुकडा उघडा राहतो, तो ठिपका. म्हणजे रंगवलं जातं ते जाळं, ठिपका ही त्याची शिल्लक. आपल्याकडच्या ठिपक्यांच्या रांगोळीच्या हे बरोबर उलट आहे. रांगोळीत आधी मोजून ठिपके द्यायचे, पंधरा ते आठ नाहीतर एकवीस ते एक, आणि मग रेघ त्यांच्यातून फिरते. किती ठिपके हे ठरलं की रांगोळी कुठं संपणार हेही ठरलं. कुसामांच्या जाळ्याला असा हिशोब नाही. कमान कधी तांदळाच्या दाण्याएवढी होते, कधी करंगळीच्या नखाएवढी. हात दमला की रंग दाट बसतो, विसावा घेतला की पातळ. कृती तीच, पण तिच्यातून निघालेला आकार दुसऱ्यांदा जसाच्या तसा येत नाही. रिपीटमध्ये एक आकार हजारदा येतो आणि कुणाचाही हात दुखत नाही. इथं हजार आकार हजारदा काढावे लागतात. माझ्या नमुन्यात ओळी का पडत होत्या, ते मला त्या भिंतीपुढं पाच वर्षांनी कळलं. फोटोतले ठिपकेही आधी एका हातानं बसवलेले होते, आणि मी त्यांना ६४ सेंटिमीटरच्या चौकटीत कोंबून फिरवत होतो.

ही जाळी प्रथम गाजली ती ऑक्टोबर १९५९मध्ये, न्यूयॉर्कच्या ब्राटा गॅलरीत. पाच मोठी पांढरी चित्रं. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये अंगात आल्यासारखा रंग फेकणाऱ्या पुरुष चित्रकारांचा दबदबा होता, आणि ही तिशीतली जपानी बाई एका न संपणाऱ्या विणकामासारखं काहीतरी घेऊन आली. डोनाल्ड जड यांनी, जे पुढं मोठे शिल्पकार झाले, त्या प्रदर्शनाचं कौतुक करणारं परीक्षण लिहिलं आणि स्वतः एक चित्र विकतही घेतलं. १९६१ साली एका जाळ्याची लांबी सुमारे १० मीटरपर्यंत गेली. त्या दिवसांत थंडी, उपासमार आणि रात्र रात्र जागून काम. जाळं कॅनव्हास सोडून टेबलावर, जमिनीवर आणि स्वतःच्या अंगावर पसरताना दिसायचं, असं त्या लिहितात.

त्यांच्या आत्मचरित्राविषयी इथंच एक सांगून टाकतो. ते जपानीत २००२ साली आलं, इंग्रजीत २०११ साली. कुसामांवर लिहिणारा प्रत्येक जण त्यातूनच उचलतो, मीही. पण ते सत्तरी ओलांडलेल्या आणि स्वतःची दंतकथा घडवण्यात तरबेज असलेल्या बाईनं लिहिलेलं पुस्तक आहे. त्यात कृष्णवर्णीयांविषयी ओंगळ मजकूरही आहे. त्याबद्दल २०२३ साली त्यांना जाहीर माफी मागावी लागली. तेव्हा पुस्तक आधार म्हणून घ्यावं, पोथी म्हणून नको.

आणि त्या पुस्तकाबाहेरचे पुरावे काय सांगतात? भ्रमिष्टपणे हात चालवणाऱ्या बाईचं चित्र त्यातून उभं राहत नाही. १९४८ साली त्या क्योतोला जाऊन निहोंगा, म्हणजे पारंपरिक जपानी चित्रपद्धती, रीतसर शिकल्या. मात्सुमोतोच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात जॉर्जिया ओ'कीफ यांची चित्रं पाहिली, तेव्हा टोकियोला जाऊन अमेरिकी वकिलातीत त्यांचा पत्ता शोधला आणि पत्र लिहिलं. उत्तर आलं. १९५७ साली अमेरिकेला निघताना परकीय चलनावर निर्बंध होते म्हणून कपड्यांच्या अस्तरात डॉलर शिवून घेतले, आणि विकून पोट भरता यावं म्हणून साठ रेशमी किमोनो आणि दोन हजार चित्रं बरोबर घेतली. हे सगळं अत्यंत सावध डोक्याचं काम आहे. आजार होता, आहे. त्या स्वतः तो लपवत नाहीत. पण आजारानं त्यांच्यापुढं जे आणून टाकलं त्याचं काय करायचं, हे त्यांनी ठरवलेलं दिसतं.

या मुद्द्यावर मी इतका अडून बसतो, त्याला घरगुती कारण आहे. माझी थोरली बहीण, अक्का, लग्नानंतर दोन वर्षांत माहेरी परत आली. त्यानंतर कित्येक वर्षं ती शंभर पानी वह्यांमध्ये गोल काढायची. शेंगदाण्याएवढे, एकाला एक चिकटून, समास न सोडता. वही संपली की दुसरी. घरात या विषयावर कुणी बोलत नसे. पाहुणे आले की वह्या कपाटात. शेजारची म्हातारी म्हणायची, तेवढ्याच कागदावर रामनाम लिहिलं असतं तर पुण्य तरी लागलं असतं. डॉक्टरांनी औषध चालू केलं, हळूहळू तिचं बरं होत गेलं आणि गोल थांबले. एका दिवाळीच्या सफाईत त्या सगळ्या वह्या मीच सायकलला लावून रद्दीच्या दुकानात टाकून आलो. एकही उघडून पाहिली नाही. त्या वह्या म्हणजे कला होती असं मला म्हणायचं नाही. पण जो माणूस पोटासाठी दिवसभर ठिपक्यांचे जोड तपासत होता, त्यानं घरातल्या ठिपक्यांकडे बघू नये, याचं आता नवल वाटतं.

कुसामांची पुढची पायरी भीतीशी थेट संबंधित आहे. बापाचे प्रताप बघत वाढलेल्या या मुलीला पुरुषाच्या लिंगाची भीती होती. १९६२च्या सुमाराला त्यांनी कापडाची लिंगाच्या आकाराची बोंडं शिवून त्यात कापूस भरला आणि आरामखुर्चीवर, कोचावर, शिडीवर, बुटांवर ती शेकड्यांनी बसवली. एकटं जे भिववतं ते शंभरांच्या गर्दीत हास्यास्पद होतं. खुर्ची बटाट्याला मोड आल्यासारखी दिसते. युद्धकाळात शाळकरी वयात या बाईंनी कारखान्यात पॅराशूटचं कापड शिवलं होतं. शिवणीचा तो सराव इथं कामाला आला असेल. डोनाल्ड जड तोवर त्याच इमारतीत शेजारी होते. त्यांनीही बोंडं भरायला मदत केली होती म्हणतात.

खरं रिपीट पहिल्यांदा येतं ते १९६३ साली. अशाच बोंडांनी भरलेली एक होडी खोलीच्या मध्यभागी, आणि तिच्याच फोटोच्या ९९९ छापील प्रती भिंतींवर आणि छतावर चिकटवलेल्या. हजार होड्या, त्यातली एक खरी. अँडी वॉरहॉल ते पाहायला आले होते. तीन वर्षांनी त्यांनी गायीच्या तोंडाचा वॉलपेपर भिंतीला लावला, तो आपल्यावरूनच, असं कुसामा म्हणतात. १९६५ साली त्यांनी आरशांची पहिली खोली केली, आणि इथं एक मोठा बदल झाला. हजारो बोंडं शिवायची तर बोटं झिजतात. समोरासमोर आरसे लावले की काही शेकड्यांतच काम होतं, बाकीची संख्या आरसा पुरवतो. मेहनत हाताकडून काचेकडे गेली. मला यात थोडा तोटा वाटतो. जगाला मात्र आरसेच जास्त आवडले.

व्हेनिसचा प्रसंग, अंगावर ठिपके रंगवलेल्या नग्न माणसांचे रस्त्यावरचे कार्यक्रम, वर्तमानपत्रांतला गाजावाजा हे १९६६ ते ६९चं सगळं मी इथं सोडून देतो. त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. १९७३ साली त्या दमून जपानला परतल्या, आणि पुढची दहा-पंधरा वर्षं जगानं त्यांना जवळजवळ विसरून टाकलं.

भोपळा या सगळ्याच्या आधीचा आहे. शाळकरी वयात आजोबांबरोबर बियाण्यांच्या मळ्यात गेल्या असताना वेलाखाली माणसाच्या डोक्याएवढा भोपळा दिसला, आणि तो आपल्याशी बोलू लागला, अशी त्यांची आठवण. क्योतोत शिकताना तर त्या एकेका भोपळ्यावर महिनाभर बसायच्या. जपानी भोपळ्याला 'काबोचा' म्हणतात. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो कंबोडियाकडून आणला म्हणून हे नाव. तिथं कुणाला भोपळा म्हणणं हे कौतुक नसतं. आपल्याकडं तरी कुठं असतं? पेपरात भोपळा मिळतो, फलंदाज भोपळा न फोडता परततो, आणि भ्रमाचाही भोपळाच असतो. शून्याला भोपळा म्हणणाऱ्या भाषेत वाढलेल्या माणसाला कुसामांचा ठिपका आणि कुसामांचा भोपळा या एकाच गोष्टीच्या दोन अवस्था वाटल्या, तर ती चूक म्हणू नये. फक्त कुसामांना हे माहीत नाही, एवढं लक्षात ठेवायचं.

भोपळ्यावरचे ठिपके नीट पाहा. ते जाळ्यातल्यासारखे बेबंद नाहीत. भोपळ्याच्या प्रत्येक फुगवट्यावर मधोमध मोठ्या ठिपक्यांची उभी ओळ, दोन्ही बाजूंना लहान होत जाणाऱ्या ओळी, आणि खाचेजवळ अगदी मोहरीएवढे ठिपके. देठाशी आणि बुडाशीही ते बारीक होत जातात. म्हणजे ठिपका इथं फळाचा आकार पाळतो. भोपळ्याच्या मागं बहुतेक चित्रांत जाळं असतंच. ते मागून येतं आणि सालीपाशी थांबतं. लहानपणी फुलांचं जे कापड अंगावर चढत आलं होतं, ते इथं अंगाच्या आत शिरत नाही. या बाईंच्या सगळ्या कामात भीती न वाटणारी वस्तू मला ही एकच दिसते. भ्यायला लावणाऱ्या गोष्टींची त्यांनी गर्दी केली. भोपळ्याला बहुतेक वेळा एकटं बसवलं.

त्यातला सर्वांत प्रसिद्ध पिवळा भोपळा १९९४ साली नाओशिमा बेटावर समुद्रात घुसलेल्या धक्क्याच्या टोकाला ठेवला गेला. दोन मीटर उंचीचा, फायबरचा. ऑगस्ट २०२१च्या वादळात लाटांनी त्याला धक्क्यावरून ओढून नेलं आणि किनाऱ्यावर आपटून फोडलं. २०२२च्या ऑक्टोबरात तिथं नवा, जास्त भक्कम भोपळा बसवला. तो जुन्यासारखाच दिसतो.

आता एक गैरसमज, जो मी मराठी लेखांत दोन-तीनदा वाचला आणि एकदा स्वतःही भाषणात केला : कुसामांचा ठिपका म्हणजे पौर्वात्य बिंदू, शून्य, ध्यान वगैरे. आपल्याला सय्यद हैदर रझा जवळचे. नागपूर आणि मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकलेले. लहानपणी गुरुजींनी भिंतीवर ठिपका काढून त्यांना त्याकडे बघत बसवलं होतं. ती गोष्ट पुढं पॅरिसमध्ये त्यांच्या बिंदूला येऊन मिळाली. पण रझांचा बिंदू हा मध्य आहे. तो एक असतो, बाकीची चौकट त्याच्याभोवती गोळा होते आणि डोळा तिथं येऊन ठरतो. कुसामांच्या जाळ्यात डोळ्याला बसायला जागाच नाही, कारण मध्य नाही. एकात मन एकाग्र होतं, दुसऱ्यात स्वतःला विसरणं आहे. दोन्हीला 'बिंदू' म्हटलं की दोघांचंही काम दिसेनासं होतं. विसरण्याचा हा खेळ कुसामांनी मुलांनाही दिला आहे. २००२ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या कलादालनासाठी त्यांनी पांढरीशुभ्र खोली केली. भिंती, टेबल, कपबशा, सगळं पांढरं. येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हाती रंगीत गोल चिकट्या द्यायच्या. काही आठवड्यांत खोली नाहीशी होते, नुसते ठिपके उरतात.

आपल्या जवळ पाहायचं तर मुंबईत बांद्रा-कुर्ला संकुलातल्या नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरमध्ये, ते २०२३ साली सुरू झालं तेव्हा, कुसामांचं 'क्लाउड्स' आलं. जमिनीवर सांडलेल्या पाऱ्याच्या थेंबांसारखे चकचकीत स्टीलचे तुकडे. ठिपका नाही, भोपळा नाही. लोक वाकून त्यात आपापले चेहरे बघतात. त्याच वर्षी लुई व्हितॉननं पुन्हा ठिपके बाजारात आणले, आणि आमच्याकडेही पुन्हा कुणीतरी फोटो घेऊन आलं. तोवर मी नोकरी सोडली होती. नव्या मुलांनी ते संगणकावर अर्ध्या तासात बसवलं. ओळी पडल्या नाहीत. ठिपके यादृच्छिक विखरून देणारी आज्ञाच असते म्हणे.

गेल्या वर्षी मी अक्काला कुसामांचं चित्रांचं पुस्तक दाखवलं. दाखवावं की नाही, हे ठरवायला मला बरेच महिने लागले होते. तिनं चष्मा लावून जाळ्यांची पानं सावकाश उलटली. एका पानावर बोट ठेवून ती रेघेबरोबर थोडा वेळ फिरवत राहिली आणि म्हणाली, "हिथं थांबलीया बघ. मग पुन्यांदा धरलंय." मी भिंग घेऊन पाहिलं. रंग तिथं खरोखर पातळ झाला होता. मला तो जोड दिसला नव्हता. वह्यांचं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण ती पुढच्या पानावर गेली होती. तिथं पिवळा भोपळा होता. आपल्या लाल भोपळ्यासारखाच आतून केशरी निघतो का, याच्या घाऱ्या होतील का, असं तिनं विचारलं. होतील, मी म्हटलं, चवीला गोडच असतो तो.